जुना फोन उद्या एक्स्चेंजमध्ये जातोय आणि ओटीपी येत नाहीये, मदत हवी आहे

घाईत_आहे: नवीन फोन काल आला. जुना न्यायला माणूस उद्या ११ वाजता येणार. फोटो, कॉन्टॅक्ट आले. पण यूपीआय ॲप 'व्हेरिफिकेशन फेल' म्हणतंय, बँकेचा ओटीपीही येत नाही. कॉल व्यवस्थित लागतात. ऑथेंटिकेटर (लॉगिनचे बदलते कोड देणारं ॲप) उघडलं तर रिकामं. लवकर सांगा.

रानवारा: कोणतं ऑथेंटिकेटर? सिम किती? यूपीआय ॲप नोंदणीच्या वेळी तुमच्याच सिमवरून एसएमएस पाठवतं. बँकेत दिलेलाच नंबर निवडलाय ना? प्रीपेडमध्ये एसएमएसचा पॅक नसला तरी हेच होतं.

घाईत_आहे: गूगलचं. नंबर तोच, एकच. पॅक आहे.

काटेकोर: नंबर तोच, हे कळलं. सिम तेच का?

घाईत_आहे: नाही, काल संध्याकाळी ७ ला ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच असणारं सिम) करून घेतलं. त्याचा काय संबंध?

काटेकोर: तोच तर संबंध! सिम बदललं, मग कार्ड असो की ई-सिम, की २४ तास एसएमएस बंद. येणारे आणि जाणारे, दोन्ही. कॉल आणि नेट चालू राहतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. तुमच्या नावावर दुसऱ्याने सिम काढून खातं साफ करू नये म्हणून ही सोय. संध्याकाळी ७ नंतर बघा. तोवर ओटीपी पुन्हा पुन्हा मागवू नका, खातं लॉक होऊ शकतं. यूपीआय पिन जुनाच चालतो. फक्त नव्या फोनवर पहिले २४ तास ५००० रुपयांची मर्यादा असते. व्हॉट्सॲपचा कोड मात्र फोन कॉलवर मागवता येतो, ते आत्ताच करून टाका.

भाऊ_बारामतीकर: सगळं वहीत लिहावं. वही हॅक होत नाही.

रानवारा: दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड वहीत कसा लिहिणार भाऊ?

भाऊ_बारामतीकर: कोड नाही हो. सेटअपच्या वेळी क्यूआरखाली जी लांबलचक 'की' (गुप्त किल्ली) दिसते ती. ती असली की कोणत्याही ऑथेंटिकेटर ॲपमध्ये टाका, कोड सुरू.

रानवारा: हे मात्र खरं. धागाकर्ते, जुन्या फोनवर ऑथेंटिकेटरच्या मेनूत ट्रान्सफर अकाउंट्स, मग एक्सपोर्ट. नव्यावर इम्पोर्ट करून क्यूआर स्कॅन करा. एका क्यूआरमध्ये १० खाती मावतात, जास्त असतील तर पुढचा क्यूआर येतो. जुन्यातली लगेच उडवू नका, आधी एका ठिकाणी लॉगिन करून बघा. कोड चुकीचा म्हणाला तर फोनची वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा. २०२३ पासून गूगल खात्याशी सिंकही होतं (खाती तिथे साठवली जातात), ते चालू करा म्हणजे पुढच्या वेळी ही कटकट नाही.

काटेकोर: सिंक नको. गूगलचा पासवर्ड आणि गूगलचाच कोड एकाच खात्यात, म्हणजे कुलूप-किल्ली एकाच खिशात. एजिस हे दुसरं ऑथेंटिकेटर ॲप वापरा, पासवर्ड घालून खात्यांची फाइल काढून ठेवता येते.

रानवारा: आणि तो पासवर्ड विसरला की?

भाऊ_बारामतीकर: वही.

टेक_तात्या: चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग चालू करा, बॅटरी टिकते. फोन कोणता घेतला?

काटेकोर: तात्या, अवांतर. जुना फोन देताना आधी सेटिंग्जमधून गूगल खातं काढा, मग तिथूनच फॅक्टरी रीसेट. बटणं दाबून रिकव्हरीतून पुसलात तर फोन सुरू होताना तुमचंच खातं मागतो आणि न्यायला आलेला माणूस तो घेत नाही.

घाईत_आहे: ७:१० ला एसएमएस सुरू झाले! १३ खाती, दोन क्यूआर. गूगलचे बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना लॉगिनला चालणारे) कुठे असतात?

रानवारा: गूगल खातं, सिक्युरिटी, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. आठ आकडी १० कोड मिळतील, प्रत्येक एकदाच चालतो. फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवू नका.

टेक_तात्या: फोन कोणता ते सांगितलंच नाही.