ऑपरेशन दरवेळी बाईचंच का?

निफाडकर:
आमच्या पट्ट्यात लग्नानंतर वर्षात पहिलं, पाठोपाठ दुसरं, आणि मुलगा झाला की बाईचं ऑपरेशन. मधे पाळणा लांबवायला कोणी काही वापरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात लग्न झालेल्या जोडप्यांमध्ये स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी फक्त ०.३. गोळ्या, निरोध, तांबी सगळं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, त्यामुळे लोकांना माहिती नाही हे मला पटत नाही. नवरा आणि सासू ठरवतात, सुनेला विचारतंय कोण.

सुरगाण्याची सिस्टर:
दादा, सासूला दोष देणं सोपं आहे. नुसतं नाव माहिती असून काय उपयोग, वापरल्यावर अंगात काय होतं ते कोण सांगतं? पाळणा लांबवायचं ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी दवाखान्यात २०१७ पासून आलंय, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं, घरात कळत पण नाही म्हणून बायकांना आवडतं. पण पाळी मागेपुढे होते नाहीतर बंदच होते, आणि हे आधी नीट सांगितलं नसलं की बाई घाबरते, रक्त पोटात साचतंय म्हणते आणि पुढच्या डोसला येतच नाही. वर दिवाळीनंतर आमच्या पाड्यांवरची कितीतरी घरं तुमच्याच द्राक्षबागांवर कामाला येतात, डोसची तारीख तिकडं असताना येते, मग तिनं जायचं कुठं?

येवल्याची सून:
मला दोघांचंही नाही पटलं. ऑपरेशन म्हणजे लादलेलंच असं का धरता? मी हट्टानं केलं, दोन मुलींवर. रोज गोळी लक्षात ठेवा, निरोधसाठी नवऱ्याच्या मागे लागा, पाळी चुकली की जीव टांगणीला, यातून एकदाची सुटले.

निफाडकर:
ताई, धाडस मोठंच आहे तुमचं. पण पोटावर टाके तुम्हीच का घ्यायचे? पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी, फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा.

येवल्याची सून:
अहो हे तयार होते की. मित्रांनीच मनात भरवलं, कमजोरी येईल, क्रेट उचलता येणार नाही म्हणून. सासूबाईंचा त्यात काही संबंध नव्हता.

चांदवडचे काका:
ही भीती उगाच नाही बसलेली. १९७६ ला आणीबाणीत टार्गेटसाठी माणसं धरून नेली, तेव्हापासून पुरुष बिचकले आणि सरकारनं पण सगळा रोख बायकांवर वळवला.

निफाडकर:
काका, आज ज्यांची लेकरं लहान आहेत ते तेव्हा जन्मले पण नव्हते. किती दिवस तेच कारण सांगायचं?

सुरगाण्याची सिस्टर:
ज्यानं केलीये असा एक जरी माणूस गावात उघड बोलला ना, तर आमच्या दहा मिटिंगांपेक्षा जास्त काम होईल. आणि दादा, यंदा मजूर आले की तुमच्या गावच्या आशाताईंना बागेवर बोलवा. अंतराचा डोस तारीख उलटल्यावर चार आठवड्यांपर्यंत देता येतो, बाईकडं कार्ड असतं त्यावर तारीख लिहिलेली असते.

निफाडकर:
बोलावतो, नक्की. पण सासूसमोर ती कार्ड काढेल का?

सुरगाण्याची सिस्टर:
बागेवर सासू कुठं असते दादा, ती गावाकडं पोरं सांभाळत असते. म्हणून तर म्हणते, तिथंच बोलवा.