शब्दचर्चा : ‘स्त्रीद्वेष’ हा शब्द पुरेसा आहे का?

प्रश्न (अमळनेर) : स्त्रीवादी डिस्टोपियन (म्हणजे दडपशाहीचा भयावह काल्पनिक समाज रंगवणाऱ्या) कादंबऱ्यांविषयी मराठीत लिहिताना ‘मिसॉजिनी’साठी ‘स्त्रीद्वेष’ हा शब्द सर्रास योजला जातो. परंतु मार्गारेट अ‍ॅटवूड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) या कादंबरीतील सत्ताधारी स्त्रीच्या मातृत्वाला पवित्र मानतात. मग त्यांना स्त्रीद्वेष्टे म्हणणे योग्य ठरेल का?

उत्तर (जळगाव) : ताई, अडचण ‘द्वेष’ या पदात आहे. मराठीत द्वेष हा मनोविकार आहे. तो कोणाच्या तरी मनात असावा लागतो. त्यामुळे ‘स्त्रीद्वेष’ म्हटले की वाचक एखादा विखारी पुरुष शोधू लागतो आणि तो सापडला नाही, तर आरोपच खोटा ठरवतो. या कादंबरीत एका दिवसात सर्व स्त्रियांच्या नोकऱ्या जातात आणि त्यांचे पैसे नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुष नातलगाच्या ताब्यात जातात. नायिकेला कामावरून काढणारा वरिष्ठ कायद्याकडे बोट दाखवून दिलगिरी व्यक्त करतो, नवरा तर मी तुझी काळजी घेईन असा धीर देतो. यांपैकी एकाच्याही मनात द्वेष नाही, आणि तरीही तिच्या हातात काही उरत नाही.

तत्त्वज्ञ केट मॅन यांनी २०१७ साली केलेला भेद येथे उपयोगी पडतो. स्त्री-पुरुषांतील उच्चनीचता नैसर्गिक आहे असे पटवणारी विचारसरणी वेगळी, आणि ती उच्चनीचता न पाळणाऱ्या स्त्रीला वठणीवर आणणारी यंत्रणा वेगळी. मिसॉजिनी म्हणजे ही दुसरी गोष्ट, मग ती राबवणाऱ्याच्या मनात काहीही असो. क्रिस्टिना डाल्चर यांच्या ‘व्हॉक्स’ (२०१८) मध्ये स्त्रियांच्या मनगटावर शब्दमोजणीचे कडे असते आणि दिवसाचे १०० शब्द ओलांडले की विजेचा झटका बसतो. कडे कोणाचा द्वेष करीत नाही. म्हणून मी ‘स्त्रीद्वेषी व्यवस्था’ असे लिहितो. ‘लिंगभेद’ हा शब्द येथे फार सौम्य पडतो, तर ‘लिंगभाव’ हा ‘जेंडर’साठी रूढ झालेला शब्द तेवढ्यापुरताच राखावा.

मंजुळा पद्मनाभन यांच्या ‘एस्केप’ (२००८) मध्ये स्त्रियाच नाहीशा केलेल्या देशात एका मुलीला तिचे तीन काका लपवून वाढवतात. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. आपल्याकडच्या वाचकाला ती कल्पना फार दूरची वाटू नये. ‘आम्हाला मुलगी नको’ म्हणणाऱ्या घरात आईला मात्र देवासारखे मानतात, हेही आपण पाहतोच.

प्रतिसाद (धुळे) : सर, व्यवस्था म्हटली की दोषी कोणीच उरत नाही, ही माझी हरकत आहे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिताना समोरच्या पुरुषाला थेट जाब विचारला होता, आणि त्या निबंधाची धार त्यातच आहे. शिवाय अ‍ॅटवूड यांच्या कादंबरीत दासींना, म्हणजे सत्ताधाऱ्यांसाठी मुले जन्माला घालण्याची सक्ती केलेल्या ‘हँडमेड’ना, शिस्त लावणाऱ्या स्त्रियाच आहेत. त्यांना ‘आंट’ म्हणतात. त्यांना मराठीत काय म्हणावे?

उत्तर (जळगाव) : हरकत मान्य आहे, त्या वरिष्ठाला आणि नवऱ्याला नावानिशी जाब विचारावाच, मात्र त्यांच्या मनातला द्वेष सिद्ध होईपर्यंत थांबू नये. ‘आंट’साठी ‘मावशी’ सहज सुचते, पण ती आईकडची आणि मायेची. शिवाय वसतिगृहात, दवाखान्यात काम करणाऱ्या बाईलाही आपण मावशीच म्हणतो. मी ‘आत्या’ निवडीन. ती बापाच्या कुळातली असते आणि बारशाला बाळाच्या कानात नाव तीच सांगते. कादंबरीतील दासींची मूळ नावे पुसून त्यांना मालकाच्या नावावरून नाव दिले जाते. नायिकेचे नाव ‘ऑफ्रेड’, म्हणजे ‘ऑफ फ्रेड’, फ्रेडची. अर्थात, नवऱ्याचे नाव मधे लावण्याची सवय झालेल्या मराठी वाचकाला हा धक्का इंग्रजी वाचकाइतका जोरात बसेल की नाही, याची मला शंका आहे. म्हणून अनुवादकाने तेथे ‘फ्रेडची’ असेच उघड लिहावे.