शब्दचर्चा: ‘दृश्य परिणाम’ चालेल का?

सारांशकार: भातशेतीला लागून असलेल्या लँडफिलच्या (कचरा टाकायच्या जागेच्या) विस्ताराचा जनसुनावणीसाठी मराठी सारांश करायचा आहे. ‘व्हिज्युअल इम्पॅक्ट’ला ‘दृश्य परिणाम’ लिहू का? आणि लँडफिलला ‘भरावभूमी’, स्क्रीनिंगला ‘चाळणी’?

बांधावरून: ‘दृश्य परिणाम’ नको. वाचणारा ‘दिसून येणारे परिणाम’ असा अर्थ लावेल. मग धूर, माश्या, कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी सगळंच त्यात येतं. इथे प्रश्न एवढाच, की बांधावर किंवा अंगणात उभं राहिल्यावर समोरचं शिवार, मागचा डोंगर यातलं काय झाकलं जाईल. ‘दृश्यावरील परिणाम’ म्हणा. ‘देखावा’ही टाळा, तो आपल्याकडे गणपतीपुढे असतो.

‘भरावभूमी’ कोशात शोभेल, पण ठाणे-नवी मुंबईत भराव म्हणजे खाजणात माती टाकून केलेली जमीन. ‘भरावभूमीचा विस्तार’ वाचून लोकांना वाटेल प्लॉट पडणार, आणि हरकत घ्यायची राहून जाईल. ‘क्षेपणभूमी’ लिहा, पहिल्या उल्लेखात ‘म्हणजे डम्पिंग ग्राउंड’ जोडा.

लेव्हलवाला: ‘विस्तार’ही फोडून लिहा. जागा वाढणार की उंची? नजरेला खुपते ती मुख्यतः उंची. २० मीटरचा ढीग ५०० मीटरवरून, हात लांब करून धरलेल्या आडव्या अंगठ्याएवढा उंच दिसतो. ४० मीटर केला की दोन अंगठे, म्हणजे मागची डोंगररांग गेली. ‘उंचीवाढ’ आणि ‘क्षेत्रवाढ’ असे दोन शब्द ठेवा.

‘चाळणी’ तर घातकच. जुना कचरा उपसून यंत्रात चाळतात, ती चाळणी. इथलं स्क्रीनिंग म्हणजे आडोसा. तो कुठे, हेही लिहायला हवं. बघणाऱ्यापासून ५० मीटरवर ४ मीटरची झाडं असली, तर ५०० मीटरवरचा तो २० मीटरचा ढीग पूर्ण झाकतो. तीच झाडं ढिगाच्या पायथ्याशी लावली तर जेमतेम पाचवा हिस्सा झाकला जातो. मात्र भाताला सावली सोसत नाही. आडोसा गावठाणाच्या कडेला किंवा रस्त्यालगत हवा.

सारांशकार: मूळ मजकुरात ढिगावरच वृक्षारोपण करून ‘हरित टेकडी’ करू असं आहे.

बांधावरून: तो शब्द दिशाभूल करतो. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांत अंतिम आच्छादन, म्हणजे ढीग बंद करताना वर घालायचे थर, असं होतं: ६० सें.मी. चिकणमाती, त्यावर १५ सें.मी. निचऱ्याचा थर, त्यावर ४५ सें.मी. माती. तिच्यात लावायची झाडं अशी, की मुळं ३० सें.मी.च्या खाली जाणार नाहीत. वड-पिंपळ लावले तर मुळं चिकणमाती फोडतात, पाऊस आत मुरतो आणि काळं पाणी वाढतं. म्हणजे वर येणार ते गवत आणि झुडपं. तेही ढिगावर शेवटचा कचरा पडून गेल्यावर.

तोवर जे दिसेल ते वेगळ्या परिच्छेदात सांगा. त्याच नियमांत रोज किमान १० सें.मी. माती आणि पावसाळ्याआधी ४० ते ६५ सें.मी.चा थर सांगितला होता. रोजची माती चुकली की पिशव्या वाऱ्याने उडून कुंपणाला लटकतात, खाचरात उतरतात आणि चिखलणीच्या वेळी पॉवर टिलरच्या पात्यांना गुंडाळतात. थर नीट दाबला नसेल, तर आपल्याकडच्या पावसात उतारावर घळी पडतात आणि हिरव्या खाचरांसमोर पुन्हा उघडा कचरा.

सारांशकार: ‘हरित टेकडी’ काढते. ‘गवताने झाकलेला ढीग, उंची अमुक मीटर’ असं लिहिते आणि आडोशाची जागा नकाशावर दाखवायला सांगते.