मदत हवी: हार्डटेलला वापरलेला एअर फोर्क बसवावा का?

मुरूमवाट

नमस्कार मंडळी,

मुलुंडला राहतो. रविवारी आमचा गट पहाटेच्या लोकलच्या मालडब्यातून सायकली घेऊन बदलापूर नाहीतर वांगणी गाठतो. तिथून पुढे कोंडेश्वरच्या बाजूच्या मुरमाच्या गाडीवाटा, शेताचे बांध, मिळेल तो चढ.

सायकल साधी हार्डटेल आहे, म्हणजे धक्के झेलणारा फोर्क फक्त पुढे. २९ इंची चाकं, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, पुढे १०० मिमी दबणारा स्प्रिंगवाला फोर्क, वायरवर चालणारे डिस्क ब्रेक, मागे ७ गिअरचं फ्रीव्हील. यंदाच्या पावसाळ्यात फोर्क आखडला. दाबला की कण्हत खाली जातो आणि वर यायला वेळ काढतो. दगडी उतारावर तर तो असून नसल्यासारखाच. खाली पोचेपर्यंत बोटांना मुंग्या आलेल्या असतात.

गटातले एक काका त्यांचा एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा) विकतायत. १२० मिमी, टेपर्ड स्टिअरर (फ्रेमच्या आत जाणारी फोर्कची नळी, खाली रुंद होणारी), १५ मिमीचा थ्रू अ‍ॅक्सल (हबातून आरपार जाणारी दांडी), बूस्ट म्हणजे जास्त रुंद हबासाठीचा. बाहेर १४ हजार, मला १२. काकांचं सर्व्हिसिंग नेहमी वेळेवर असतं, त्यामुळे मालाबद्दल शंका नाही. गटाचं म्हणणं एकच: घेऊन टाक.

अडचण अशी की माझा स्टिअरर वरपासून खालपर्यंत सरळ, २८.६ मिमीचा, आणि पुढच्या हबला ९ मिमीचं क्विक रिलीज (लिव्हरने उघडणारी बारीक दांडी). यावर गटाचा तोडगा तयार आहे. कुर्ल्याचा एक लेथवाला टेपर्ड स्टिअरर तासून सरळ करून देईल, आणि हबला अडॅप्टर मिळतो. मला हे पटत नाहीये, पण नाही म्हणायला नेमकं कारणही सापडत नाहीये.

बजेट ओढूनताणून २० हजार, वजन ७८ किलो. नवी सायकल घ्या असं कृपया सांगू नका. आहे ती पॅसेजमध्ये ठेवण्यावरूनच सोसायटीत पत्रव्यवहार चालू आहे.

खरखर फ्रीव्हील

नवी सायकल घ्या.

(सॉरी, राहवलं नाही. वाचतोय.)

घाटउतार

लेथचं नाव काढू नका. टेपर्ड स्टिअरर खाली क्राऊनपाशी, म्हणजे फोर्कचे दोन पाय जुळतात तिथे, साधारण ४० मिमीचा असतो. सरळ स्टिअररला तिथे ३० मिमी लागतात. म्हणजे व्यासात १० मिमी उतरवायचे, भिंतीतून सगळीकडून ५ मिमी. ती नळी पोकळ असते आणि तिची भिंत तेवढी जाडच नसते. तासायला सुरुवात केली की लेथवाल्याच्या हातात दोन तुकडे येतील. नाही आले तर ते उतारावर होतील, आणि स्टिअरर तुटतो तेव्हा आधी सांगून तुटत नाही. फोर्कवर सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो, म्हणून तर कंपन्यांनी तो भाग रुंद केला.

अडॅप्टरचंही तसंच. १५ मिमीची दांडी ९ मिमीच्या हबातून जाणार कशी? शिवाय तुमचा हब १०० मिमी रुंदीचा आणि बूस्ट फोर्क ११० चा. पुढचा हब नवा घेऊन त्यावर चाक बांधून घ्यावं लागेल.

तरी एक काम करा. व्हर्नियरने हेड ट्यूबचा (फ्रेमची पुढची नळी, जिच्यातून स्टिअरर जातो) बाहेरचा व्यास मोजून सांगा. ५० मिमीच्या आसपास असेल तर आतून ती ४४ ची असणार, आणि मग फोर्क न तासताच टेपर्ड बसवायची सोय आहे. ४० किंवा कमी असेल तर हा फोर्क विसरा.

तिसरा गिअर

मी जरा वेगळ्या बाजूने विचारते. टायरात हवा किती भरता? आणि कोण भरतं?

मुरूमवाट

@घाटउतार, धन्यवाद, हेच कारण हवं होतं. शेजारच्या वर्कशॉपमधून व्हर्नियर आणून मोजलं, जेमतेम ५० भरतं. म्हणजे आशा आहे?

@तिसरा गिअर, हवा कोपऱ्यावरचा पंक्चरवाला भरतो. गेज लावून बघितलं तर पुढे ५२, मागे ५५ पीएसआय. टायर २.२५ चे आहेत. "टणटणीत पाहिजे, नाहीतर ट्यूब कापते" असं तो सांगतो.

घाटउतार

आशा आहे, पण हिशेब ऐका. ४४ च्या हेड ट्यूबला खालून बाहेर राहणारा कप लावला की टेपर्ड स्टिअरर बसतो. हेडसेट (स्टिअररचे कप-बेअरिंग) विकणाऱ्याला ईसी४४/४० म्हणून सांगायचं. ही पद्धत रीतसर आहे, जुगाड नाही. फक्त तो कप पुढचं टोक १०-१२ मिमी उचलतो. त्यात तुमच्या १०० च्या जागी १२० मिमीचा फोर्क आला म्हणजे आणखी २०. एकूण तीसेक मिमी. ढोबळ हिशेब असा की २० मिमीला हेड अँगल (हेड ट्यूबचा तिरकेपणा) एक अंश सपाट होतो, म्हणजे तुमचा दीड अंशाने होईल. उतारावर मजा येईल, पण चढावर पुढचं चाक भरकटेल. कोंडेश्वरकडचे चढ मी चढलोय, तिथे हे जाणवणारच. काही मॉडेलांत आतला एअर शाफ्ट बदलून १०० मिमी करता येतं. तो खर्च वेगळा.

आता बेरीज करा. फोर्क, हेडसेट, हब, आरे, चाकाची बांधणी, आणि ज्याच्याकडे कप दाबायचं योग्य हत्यार आहे अशा मेकॅनिकची मजुरी. तुमचे २० हजार संपतील आणि ब्रेक मात्र वायरवरचेच राहतील. मी असतो तर घेतला नसता.

तिसरा गिअर

५२! अहो, मग बोटांना मुंग्या येतील नाही तर काय. तो हवावाला रस्त्यावरच्या सायकलींच्या हिशेबाने भरतो, त्याचाही दोष नाही. तुमच्या वजनाला आणि २.२५ च्या टायरला ट्यूब असताना पुढे २८-३०, मागे ३२-३३ पासून सुरुवात करा. रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला तर दोन-दोनने वाढवा. ट्यूब कापायची भीती खोटी नाही, पण ती हवा फारच कमी असताना. स्वतःचा पंप आणि गेज घ्या आणि घरून निघताना तपासा.

पुढच्या चाकाचा गचका पहिल्यांदा टायर खातो, फोर्कची पाळी नंतर. टायर दगडासारखा फुगवला असेल तर वर कितीही महागडा फोर्क लावा, बारीक थरथर मनगटापर्यंत येणारच.

दुसरं, वायरवाले डिस्क ब्रेक लांब उतारावर पूर्ण पंजाने ओढावे लागतात. मुंग्यांचं अर्धं कारण तिथे असू शकतं. लिव्हर फार आडवे असतील तर थोडे खाली वळवा, मनगट सरळ राहिलं पाहिजे. पावसाळ्यात वायर आणि तिची नळी आतून गंजते, ती आधी बदला, फार पैसे लागत नाहीत. नंतर शिमानो एमटी२०० सारखा साधा हायड्रॉलिक (वायरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) सेट बसवा. एक-दोन बोटांत थांबाल. मात्र आधी बघा, तुमचा गिअरचा खटका आणि ब्रेकचा लिव्हर एकाच तुकड्यात आहे का? असेल तर खटका वेगळा घ्यावा लागेल. दुकानदार हे बिल झाल्यावर सांगतात.

मुरूमवाट

एकाच तुकड्यात आहे. बरं झालं सांगितलंत. हवा कमी करून काल आरे कॉलनीत एक चक्कर मारली. खरं सांगतो, वेगळीच सायकल वाटली. काकांना नाही म्हणून कळवतो, ते समजून घेतील. गटाला समजवायला वेळ लागेल.

पण फोर्क आखडलाय तो आखडलाच आहे. वरचं प्रीलोडचं बटण पूर्ण सैल करून बघितलं, फरक नाही. हा उघडता येतो का? की वापरा आणि फेका प्रकारातला?

ता. क. पुढच्या रविवारी गाडीभाडं नको म्हणून येऊरच्या पायवाटांवर जायचं ठरतंय. कोणी गेलंय का?

ठाणे पूर्व

येऊरचं आधी. पायवाटा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरायचं नाही. पकडले गेलात तर तुमच्यासोबत बाकीच्या सगळ्या सायकलवाल्यांचं नाव खराब होतं. पहाटेच्या अंधारात बिबट्याच्या वाटेवरून आवाज न करता सुसाट उतरणं हे दोघांच्याही हिताचं नाही. बदलापूरच बरं.

आता फोर्क. प्रीलोडने स्प्रिंग मऊ होत नाही, बसल्यावर किती दबतो तेवढंच बदलतं. उघडता येतो. सायकल उलटी करू नका, पुढचं चाक आणि ब्रेकचा कॅलिपर काढा. दोन्ही पायांच्या तळाला बोल्ट किंवा नट असतात. ते काही आटे सैल करून त्यांच्यावर प्लास्टिकच्या हातोडीने हलके टोले द्या, मग पूर्ण काढा. खालचे पाय ओढले की निघतात. आत चहाच्या गाळासारखं काहीतरी निघेल, ते ग्रीस होतं. सगळं पुसा, सीलना चालणारं सस्पेन्शनचं ग्रीस बुशवर (आतल्या कड्यांवर) आणि सीलच्या आत लावा, तसंच परत बसवा. तेवढा वेळ डिस्क आणि पॅड लांब ठेवा, ग्रीसचा एक डाग लागला तरी पॅड गेले.

आणि राइड संपल्यावर मोटरसायकलच्या सर्व्हिस स्टेशनात प्रेशरचा पाइप मारून घेता का? आमच्याकडे ही फॅशन होती. ते पाणी सील ओलांडून आत जातं आणि तिथेच राहतं. बादली आणि फडकं पुरतं.

मुरूमवाट

मारतो. सगळेच मारतात, रांग लावून.

आज उघडला. गाळ म्हणालात तसाच निघाला, लालसर. साफ करून जोडला, आता निम्म्याहून जास्त खाली जातो आणि कण्हणं थांबलंय. पण उजव्या नळीवर सीलच्या जरा वर गंजाचे चार-पाच ठिपके आहेत. चालतील?

ठाणे पूर्व

ठिपक्यावरून नख फिरवा. अडकत नसेल तर बारीक पॉलिशने पुसून तेलाचा हात द्या आणि चालवा. अडकत असेल तर तो खड्डा प्रत्येक दाबाला सील खरवडणार. मग सरळ स्टिअररचा, ९ मिमी क्विक रिलीजचा, १०० मिमी एअर फोर्क शोधा. असे अजून मिळतात आणि तुमच्या फ्रेमला, चाकाला काहीही न बदलता बसतात. नख फिरवून सांगा.

मुरूमवाट

दोन ठिकाणी अडकतंय. ब्रेक आधी करतो. सरळ स्टिअररवाला कोणाकडे पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मुलुंड ते कल्याण कुठेही येऊन घेईन.