पुस्तकाचे जॅकेट ठेवावे की काढून टाकावे?

पुठ्ठाबांधणी: पुठ्ठाबांधणीच्या पुस्तकावरचे सुटे कागदी जॅकेट मी पुस्तक हाती येताच काढून टाकतो. एकोणिसाव्या शतकात हे वेष्टन बहुधा साधेच असे; आतली कापडी किंवा रेशमी बांधणी ग्राहकाकडे पोहोचेपर्यंत मळू नये, एवढेच त्याचे काम होते आणि ते झाले की लोक ते फेकून देत. विसाव्या शतकात प्रकाशकांनी बांधणीवरची सोनेरी नक्षी बंद करून सजावटीचा सारा खर्च जॅकेटवर वळवला, आणि आता संरक्षकालाच जपण्यासाठी त्यावर प्लास्टिक चढवावे लागते. जॅकेटच्या मागे छापलेल्या पाठराखणीतल्या स्तुतीविषयी तर न बोललेलेच बरे.

जुनी आवृत्ती: इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. लोकांनी वेष्टने फेकली म्हणूनच ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातले १८२९ सालचे वेष्टन इतके दुर्मीळ ठरले. 'द ग्रेट गॅट्स्बी' या इंग्रजी कादंबरीच्या १९२५ सालच्या पहिल्या आवृत्तीला मूळ जॅकेटसह जी किंमत येते, तिच्या जवळपासही जॅकेटविना प्रत पोहोचत नाही. भेट देताना छापील किंमत दिसू नये म्हणून जॅकेटच्या आत दुमडलेल्या घडीचा, किंमत छापलेला कोपरा कातरला असेल, तरी संग्राहक नाक मुरडतात.

पुठ्ठाबांधणी: ही दुर्मिळतेची किंमत झाली, उपयोगाची नव्हे. सगळ्यांनीच जॅकेटे जपली असती, तर किंमत इतकी वाढलीच नसती.

जुनी आवृत्ती: मग उपयोगाचेच बोलू. कापडी कणा उजेडाने विटतो. जॅकेट असेल तर आधी ते विटते. शिवाय लेखकाचा परिचय आणि छायाचित्र, कधी चित्रकाराचे नावसुद्धा, फक्त आतल्या घडीवर छापलेले असते. जॅकेट गेले की त्या प्रतीपुरती ती नोंद पुसली गेली.

पुठ्ठाबांधणी: चित्रकाराचे नाव आतल्या पानावर छापणे हे प्रकाशकाचे कर्तव्य आहे, त्याच्या आळसाचा भार वाचकाने का वाहावा? उजेडाचा मुद्दा मात्र मान्य.

कपाटराखी: आपण दोघेही पुस्तक कपाटात असतानाचे बोलत आहात, जॅकेटची खरी नासाडी वाचताना होते. ते सरकते, म्हणून आपण मुठीत आवळतो आणि कण्याच्या वरच्या टोकाला चीर जाते. जाड पुस्तकात घडीच खूण म्हणून घातली, तर दुमड झिजून तुटते. वाचायला बसताना जॅकेट उतरवावे, वाचून झाल्यावर चढवावे. कित्येक ग्रंथालये पारदर्शक पॉलिएस्टरचे आवरण घालतात, पण ती सोय शेकडो हातांतून फिरणाऱ्या प्रतींसाठी आहे, आणि ते आवरण जॅकेटवर चिकटपट्टीने डकवणे तर साफ चूक, कारण तिचा डिंक कागदात उतरून पिवळा पडतो.