मोंते दि पिएता : गहाण, तारण की करुणानिधी?

भाषांतरवाली : इटलीतील एका जुन्या धर्मादाय संस्थेवरील लेखाचे भाषांतर करताना अडले आहे. १४६२ मध्ये पेरुजा येथे फ्रान्सिस्कन साधूंच्या पुढाकाराने ‘मोंते दि पिएता’ निघाली. दात्यांच्या देणग्यांतून भांडवल उभे राही आणि गरीब माणूस अंगरखा किंवा अवजार ठेवून तेथून अल्प व्याजाने पैसे नेई. मी ‘साधूंनी गरिबांचे तारण स्वीकारले’ असे लिहिले, तर वसईची ख्रिस्ती मैत्रीण हसू लागली, कारण तिच्या प्रार्थनेत तारण म्हणजे पापातून सुटका. शिवाय ‘मोंते’ म्हणजे डोंगर. या नावाचे मराठीत काय करावे?

जुनी वही : येथे डोंगर म्हणजे साठलेल्या पैशाची रास. आपल्याकडे डोंगर कर्जाचा होतो, त्यामुळे शब्दशः नेल्यास अर्थ नेमका उलटा होईल. ‘गंगाजळी’ जवळचा आहे. पण ‘पिएता’ म्हणजे करुणा, तेव्हा ‘करुणानिधी’ यात दोन्ही अर्थ येतात.

पाटलीण : येतात खरे, पण वाचकाला आधी तमिळनाडूचे दिवंगत माजी मुख्यमंत्री आठवतील. तुम्ही सरळ ‘गहाण’ लिहा. आमची आजी पाटल्या ‘गहाण’ टाकत असे, आणि मी त्याच पाटल्या घेऊन गेले तेव्हा छापील अर्जावर ‘सोनेतारण’ होते. पाटल्या त्याच, फक्त लाज गेली.

निर्व्याज : माझा आक्षेप ‘व्याज’ शब्दालाच आहे. संस्कृतात व्याज म्हणजे कपट, निमित्त. ‘निर्व्याज’, ‘व्याजस्तुती’ पाहा. डोमिनिकन या दुसऱ्या साधुसंघाचा पंडित कायेतान याने १४९८ मध्ये या संस्थांवर टीका केली ती व्याजावरूनच, आणि १५१५ मध्ये पोप दहावा लिओ याने लॅटरन या चर्चच्या धर्मपरिषदेत निर्वाळा दिला की संस्थेचा खर्च भागवण्यापुरती रक्कम घेतली तर ती निषिद्ध व्याजखोरी ठरत नाही. म्हणून ‘खर्चापोटी आकार’ म्हणावे.

पाटलीण : मुदत ठेवीचे व्याज मोजताना कपट कोणाला ऐकू येते? व्युत्पत्ती पोथीत ठेवा.

जुनी वही : ‘करुणा’ हा शब्दही मी आता सावधपणे वापरीन. हीच साधुमंडळी, विशेषतः बेर्नार्दिनो दा फेल्त्रे, प्रवचनांतून ज्यू सावकारांविरुद्ध लोकांना चिथावत असत; गरिबांवरील दया आणि शेजाऱ्याचा द्वेष एकाच तोंडून निघत होते. भाषांतरात एक तळटीप हवीच.

भाषांतरवाली : तळटीप देते. संस्थेचे नाव तसेच ठेवून ‘गहाण’ लिहिले आहे.

निर्व्याज : मग गहाण आणि तारण एकच, असे आपण मान्य केले का?

पाटलीण : मुळीच नाही. माणूस अक्कल गहाण ठेवतो. अक्कल तारण ठेवल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

जुनी वही : ‘गहाण ठेवणे’ आणि तुमच्या आजींचे ‘गहाण टाकणे’ यांतही मला फरक वाटतो. टाकलेली वस्तू परत सोडवण्याची आशा कमी असते का?