वायतुऱ्याचे कंद नाशिकच्या उन्हाळ्यात कसे टिकवायचे?

पाणवनस्पती_गंगापूररोड
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या रोपवाटिकेत वायतुऱ्याची, म्हणजे डबक्यांत वाढणाऱ्या अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिसची ४० रोपं आहेत. बी रोपवाटिकेतलंच, परवानगीचे कागद आहेत. द्राक्षाच्या क्रेटला आतून ताडपत्री लावून त्यात वाढवली. आता पानं पिवळी पडायला लागलीत. मागच्या वर्षी याच वेळी कंद उकरून कागदी पिशवीत ठेवले, जूनमध्ये निम्मे चिपाड निघाले. यंदा काय करावं? बीही धरलंय, ते कसं साठवायचं? पाणी बोअरचं आहे.

सडा_आणि_डबकी
कंद उकरूच नका. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, डबकं आटतं तेव्हा कंद खाली चिखलात असतो, वरचा थर वाळला तरी आत थोडी ओल राहते. कागदी पिशवीत ती ओल चार दिवसांत जाते.

पाणी एकदम काढू नका. आठवड्याला दोन-तीन सेंमी उतरू द्या, पानं आपोआप जिरली पाहिजेत. हिरवी पानं कापलीत तर कंद भरत नाही. मग क्रेट शेडनेटखाली, जमिनीत निम्मा पुरून ठेवा. क्रेट उघड्या फरशीवर राहिला तर एप्रिल-मेच्या उन्हात चारही बाजूंनी तापतो आणि कंद भाजून निघतात. वर बोटभर वाळू. १५ दिवसांनी कडेकडेने तांब्याभर पाणी, बस. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी सुटू नये. जास्त झालं की कंद सडतो किंवा मार्चमध्येच कोंब काढून फसतो.

बीजपेटी
बी साठवायचंच नाही! या कुळातलं बी वाळवलं की सहसा मरतं. फळ फुटलं की बी आधी पाण्यावर तरंगतं, मग तळाला बसतं आणि लगेच रुजायला लागतं. तेव्हाच पसरट ट्रेमध्ये टाका: चाळलेली लाल माती २ भाग, जाड वाळू १ भाग, वर २-३ सेंमी पाणी. शेणखत, डीएपी काहीही नको. खत पडलं की शेवाळ रोपांना गुंडाळतं, आणि ते काढताना रोपं उपटून येतात.

बोअरचं पाणीही बंद करा. सड्यावरचं पाणी म्हणजे निव्वळ पावसाचं. क्षाराचं पाणी आटत गेलं की क्षार घट्ट होतात, पानांच्या कडेला पांढरी खरवड दिसते ती हीच. पत्र्यावरचं पाणी टाकीत धरा. पहिल्या एक-दोन सरींचं वाहू द्या.

पाणवनस्पती_गंगापूररोड
धन्यवाद. डासांसाठी गप्पी मासे चालतील का? आणि जास्तीची रोपं अंजनेरीच्या पठारावरच्या डबक्यात सोडावीत, असं काही जण म्हणताहेत.

सडा_आणि_डबकी
गप्पी नकोत, मच्छरदाणी ताणा. फुलांचा तुरा पाण्याबाहेर आला की मच्छरदाणी दिवसा काढून ठेवा, नाहीतर कीटक पोचणार नाहीत. मग सकाळी मऊ ब्रशने एका रोपाचा पराग दुसऱ्यावर लावत बसावं लागेल.

अंजनेरीचं मात्र अजिबात नको. वायतुरा कास-चाळकेवाडीकडच्या जांभ्याच्या सड्यांवरचा, १९८२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. त्र्यंबक-अंजनेरीचा कातळ बेसॉल्टचा, आणि तिथल्या डबक्यांत सीतेची आसवं, गेंद या रानफुलांची स्वतःची वस्ती आहे. कुंडीच्या मातीबरोबर गोगलगायीची अंडी आणि तण जातं, ते परत काढता येत नाही. रोपं सोडायचीच तर मूळ सड्यावर, ज्या डबक्यातलं बी त्याच भागात, तेही वनविभाग आणि गावच्या जैवविविधता समितीला विचारून.

बीजपेटी
म्हणून तर मूळ डबक्याचं नाव प्रत्येक क्रेटवर हवं. मार्करची शाई मेपर्यंत उडते. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरा आणि पट्टी मातीत खोचा, क्रेटला बांधू नका. क्रेट बदलले जातात.